परदेशातला मुलगा आणि अपुरे पैसे

नाकाडोंगरीहून एका भगिनीने विचारले आहे: मुलगा जर्मनीत एम.एस. करतो, महिन्याचे 992 युरो पुरत नाहीत. धानाचे शेत गहाण ठेवून पाठवू का?

आपा, शेत राहू द्या. गहाण आले की व्याज आलेच. पोरगा उधळतो असेही समजू नका. 992 हा व्हिसासाठी ठरवलेला किमान आकडा आहे, वर्षाचे 11,904. म्युनिकसारख्या शहरात निम्म्याहून जास्त भाड्यातच जातात. त्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यात मोजत नाहीत, हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसते. पण ती बिनपगारी निघाली आणि गावही दुसरे, तर दोन भाडी अंगावर पडतात. सही करण्याआधी पगार विचारण्यात लाज कसली?

1913 साली डॉ. आंबेडकर बडोद्याच्या महिना साडेअकरा पौंडांवर अमेरिकेत शिकले. 1917 मध्ये मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन 1920 मध्ये पुन्हा गेले.

आपल्या मुलांच्या कर्जावरचे व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद आहे. म्हणून आधी नातलगांत कर्ज-ए-हसना मागा. रक्कम आणि मुदत कागदावर, दोन साक्षीदारांसमोर. सूरह बकरात तसा हुकूमच आहे. आणि फोनवर ‘जेवलास का’ यासोबत ‘भाडे किती गेले’ हेही विचारत जा.