सुटका झाली, मोकळीक नाही

इराणमधील रॅप गायक तुमाज सालेही १ डिसेंबर २०२४ रोजी तुरुंगातून बाहेर आले, तेव्हा जगभरातील मानवी हक्क कार्यकर्त्यांनी समाधान व्यक्त केले. त्याआधी सातच महिने, एप्रिल २०२४ मध्ये, इस्फहानच्या क्रांतिकारी न्यायालयाने याच गायकाला फाशीची शिक्षा ठोठावली होती. गाण्यांतून राज्यकर्त्यांवर टीका करणे आणि २०२२ च्या जनआंदोलनाला उघड पाठिंबा देणे, हा त्यांचा खरा 'गुन्हा'. फाशी टळली ही बाब मोठीच. तथापि, ती राजवटीच्या हृदयपरिवर्तनाची खूण मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२२ नंतर इराणी कलावंतांवर चाललेले खटले एकत्र पाहिले, तर अटक, जामीन, फेरअटक, शिक्षा आणि माफी हे चक्र हेच दडपशाहीचे साधन झाल्याचे दिसते.

एका गाण्याची किंमत

हिजाबचे नियम मोडल्याच्या आरोपावरून पकडलेल्या २२ वर्षांच्या महसा अमिनी या कुर्दी तरुणीचा १६ सप्टेंबर २०२२ रोजी कोठडीत असताना मृत्यू झाला आणि इराणभर संतापाचा वणवा पेटला. लोक रस्त्यावर का उतरले आहेत, याची कारणे सामान्य नागरिक समाजमाध्यमांवर एकेका ओळीत लिहीत होते. त्याच ओळी गुंफून शेरविन हाजीपूर या तरुण गायकाने 'बराये' हे गीत रचले. 'बराये' म्हणजे 'साठी'. ते कोट्यवधी वेळा ऐकले गेले आणि काही दिवसांतच हाजीपूर यांना अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले, फेब्रुवारी २०२३ मध्ये या गीताला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. खटला मात्र सुरूच राहिला.

मार्च २०२४ मध्ये त्यांना तीन वर्षे आठ महिन्यांची कैद सुनावण्यात आली. गायकाने पुरेसा पश्चात्ताप व्यक्त केला नाही, असा ठपका न्यायालयाने ठेवलाच, शिवाय अमेरिकेच्या 'गुन्ह्यां'वर गाणे तयार करण्याचा आदेशही दिला! गायकाने गप्प बसणे पुरेसे नाही, त्याने सरकारला हवे तेच गायले पाहिजे, ही मानसिकता त्यातून उघड होते. सप्टेंबर २०२४ मध्ये हाजीपूर यांना माफी मिळाली. पण माफी ही गुन्हेगाराला दिली जाते. ती देऊन राजवटीने औदार्याचा आव आणला आणि गाणे हा गुन्हाच होता, हे म्हणणेही कायम ठेवले.

सालेही यांचे प्रकरण याहून बोलके आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अटक झाल्यावर जुलै २०२३ मध्ये त्यांना सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात त्रुटी काढल्या आणि १८ नोव्हेंबर २०२३ रोजी ते जामिनावर सुटले. कोठडीत आपला छळ झाला, असे त्यांनी एका चित्रफितीत सांगितले आणि ३० नोव्हेंबरला त्यांना पुन्हा उचलण्यात आले. म्हणजे मोकळीक जेमतेम बारा दिवसांची! सर्वोच्च न्यायालयाचा आदेश केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचा आहे, अशी भूमिका घेऊन इस्फहानच्या न्यायालयाने 'पृथ्वीवर अनाचार पसरविल्या'बद्दल त्यांना फाशी सुनावली, असे त्यांच्या वकिलांनी सांगितले. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षाही रद्द केली.

गायक मेहदी यर्राही यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये हिजाबच्या सक्तीविरुद्ध गाणे प्रसिद्ध केले. त्यांना कैदेबरोबर ७४ फटक्यांची शिक्षा झाली. शिक्षा सुनावल्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर, मार्च २०२५ मध्ये, ते फटके प्रत्यक्षात मारण्यात आले. प्रकरण थंडावले असे वाटत असतानाही शिक्षा संपलेली नसते, हा त्याचा अर्थ.

जुनाच संशय

संगीताविषयीचा हा संशय नवा नाही. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर आयातुल्ला खोमेनी यांनी संगीताची तुलना अफूशी केली होती. स्त्रियांना पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गाण्यास बंदी आली आणि गूगूश यांच्यासारखी लोकप्रिय गायिका सुमारे दोन दशके मूक राहिली. गीत प्रकाशित करायचे, तर सांस्कृतिक मंत्रालयाचा परवाना हवा, अशी व्यवस्था रुजली. परवान्याविना झालेले संगीत आपोआपच बेकायदा ठरते. त्यामुळे सरकारला हवे तेव्हा कलावंताला पकडता येते. अभिजात संगीतातील दिग्गज मोहम्मद रझा शजरियान यांनी २००९ मध्ये आंदोलकांची बाजू घेतली, तेव्हा त्यांना तुरुंगात टाकण्याचे धाडस झाले नाही. मात्र सरकारी प्रसारणातून त्यांचा आवाज हद्दपार झाला. डिसेंबर २०२४ मध्ये परस्तू अहमदी या गायिकेने एका जुन्या सराईत प्रेक्षकांविना, हिजाब न घालता मैफल केली आणि ती इंटरनेटवर प्रसारित केली. काही दिवसांतच त्यांनाही ताब्यात घेण्यात आले, नंतर सोडण्यात आले.

ज्यांना नाव नाही त्यांचे काय?

मग फाशी टळते ती कशामुळे? सालेही यांच्यासाठी जगभरातून आवाज उठला, युरोपातील लोकप्रतिनिधींनी त्यांचे प्रकरण लावून धरले. कुर्दी रॅप गायक समान यासीन यांचीही फाशीची शिक्षा डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली. पण त्याच महिन्यात मोहसेन शेकारी आणि मजीदरझा रहनवर्द या दोन तरुण आंदोलकांना फासावर चढविण्यात आले. शेकारी यांना अटक झाल्यापासून तीन महिनेही उलटले नव्हते. खटले घाईने उरकले गेल्यामुळे त्यांची नावे जगाला कळेपर्यंत वेळ निघून गेली होती. प्रसिद्धीचे कवच काहींना वाचवू शकते, परंतु ते न्यायाची जागा घेऊ शकत नाही.

जागतिक समुदायाची मोठी उणीव येथेच आहे. गायक तुरुंगाबाहेर आला की निवेदने थांबतात, बातम्या मागे पडतात. वास्तविक, जामिनावर किंवा माफीवर बाहेर आलेल्या कलावंताला त्यानंतर प्रवास करता येतो का, परवाना मिळतो का, नवे गाणे काढता येते का, हे प्रश्न तेव्हाच विचारायला हवेत. 'फिर्याद' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्या भाषेत त्याचा मूळ अर्थ आक्रोश असा आहे. इराणमधील या गायकांनी लोकांची फिर्यादच गाण्यातून मांडली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तेच उभे राहिले. त्यांच्यावरील दोषारोप रद्द होऊन परवान्याच्या धाकाविना गाता येईल, तेव्हाच त्यांची सुटका पूर्ण झाली असे म्हणता येईल. तोपर्यंत तुरुंगाचे दार उघडले, एवढेच म्हणावे लागेल.