उमेदवारी : आधी काम, मग अर्ज

पूर्वी सुताराकडे पोरगा उमेदवारीला राही, तेव्हा त्याची गुणपत्रिका कोणी मागत नसे. रंधा कसा धरतो, एवढेच पाहत. संगणकाच्या जगात ही जुनी रीत एका ठिकाणी अजून जिवंत आहे. ते ठिकाण म्हणजे ओपन सोर्स, अर्थात ज्यांची घडण कोणालाही पाहता आणि सुधारता येते अशी सॉफ्टवेअरे.

आमच्या दवनीवाड्याकडची मुले मला विचारतात, "काका, आमच्या कॉलेजाला नाव नाही. आम्हांला कोण घेणार?" हा प्रश्न पुष्कळ घरांत असेल, म्हणून उत्तर येथेच देतो.

गूगलची 'समर ऑफ कोड' योजना २००५ साली सुरू झाली. २०२२ पासून ती विद्यार्थ्यांखेरीज इतर नवशिक्यांनाही खुली आहे. वय मात्र अठरा पूर्ण हवे. काम घरबसल्या करायचे आणि विद्यावेतनही मिळते. आपल्या पवईच्या आय. आय. टी.त 'फॉसी' प्रकल्पाची उन्हाळी फेलोशिप असते. तेथेही कॉलेजाच्या नावापेक्षा नेमून दिलेले काम कसे केले, हे पाहतात.

तेव्हा मुलांनो, अर्जाच्या तारखेची वाट पाहत बसू नका. गूगलचे अर्ज साधारण मार्चमध्ये घेतात. दिवाळीपासून चार महिने हाती आहेत. स्वतः वापरता असे एकच सॉफ्टवेअर निवडा. आधी लहान काम घ्या : माहितीपत्रकातली चूक सुधारा, मराठी भाषांतरातला अडखळणारा शब्द बदला. मग प्रोग्राममधल्या दोषाला हात घाला. पाया कच्चा असेल तर आय. आय. टी.चे 'स्पोकन ट्युटोरिअल' धडे मराठीतही आहेत, आणि फुकट आहेत.

अडलात तर जरूर विचारा. पण "सर, काही काम द्या" असे नको. काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे तीन वाक्यांत लिहा. अर्जात दर आठवड्याचे काम मांडा आणि परीक्षेचे दिवस लपवू नका. यंत्राकडून लिहून घेतलेला अर्ज दिसतो छान. पण मार्गदर्शकाच्या पहिल्या प्रश्नालाच त्याचे पितळ उघडे पडते.

पालकांनाही दोन शब्द. या योजनांत अर्जाला पैसे पडत नाहीत. "आधी फी भरा, मग उमेदवारी देतो" असे कोणी म्हणाला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा. आणि मुलाची निवड झाली नाही, तर "चार महिने वाया गेले" असे मात्र म्हणू नका. त्याने केलेली दुरुस्ती त्याच्या नावानिशी तेथे राहते. पुढच्या वर्षी किंवा नोकरीच्या वेळी तीच उपयोगी पडते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मात्र कांकण आधी हातात हवे!