फास्ट म्हणजे जलद. मग पुढे?

रोज दहा इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करा, वर्षभरात भाषा आलीच समजा! मीरा-भाईंदरमध्ये हा सल्ला क्लासवाले, शेजारी आणि मामालोक सारख्याच खात्रीने देतात.

सल्ला अगदीच टाकाऊ नाही. रोजच्या वापरातले थोडे शब्द फार काम करतात, हे खरंच. बंगालमध्ये इंग्रजी शिकवलेल्या मायकेल वेस्टची सुमारे २,००० शब्दांची यादी १९५३ साली निघाली, ती याच विचारातून. पण त्या यादीत शब्दापुढे त्याचे निरनिराळे अर्थ होते आणि कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो, हेही होतं. आपल्या शब्दार्थांच्या तक्त्यांनी शब्द उचलला आणि बाकीचं गाळलं.

विरार फास्टला लोंबकळणाऱ्याला ‘फास्ट’चा अर्थ शिकवायला नको. पण ‘फास्ट असलीप’ म्हणजे गाढ झोपलेला, फास्ट रंग म्हणजे धुऊन न जाणारा आणि श्रावणी सोमवारी धरतात तोही फास्टच. वहीत ‘फास्ट = जलद’ एवढंच असलेला मुलगा ‘आय अ‍ॅम फास्टिंग’चा अर्थ ‘मी घाईत आहे’ असा लावेल, तर दोष त्याचा नाही. मेंटेनन्सचंही तेच. इथल्या सोसायट्यांत ती दरमहा भरायची रक्कम, कारखान्यात देखभाल, कौटुंबिक न्यायालयात पोटगी. अवघड शब्द निदान सावध तरी करतात. दगा देतात ते हे ओळखीचे.

दुसरा पक्ष म्हणतो, मराठी मध्ये आणूच नका, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. मग ‘गेट’ (get) या क्रियापदाचे डझनभर उपयोग कोशात वाचून कळण्याइतकं इंग्रजी आणायचं कुठून? मराठी पोराला भूक लागते, ठेच लागते, गाडी लागते, दादाला नोकरी लागते. हे ‘लागणं’ त्याला कोणी यादीतून शिकवलेलं नाही. ‘गेट’ची तऱ्हा हीच आहे, हे त्याला मराठीतून पाच मिनिटांत पटतं.

तेव्हा वहीत शब्दासमोर शब्द नको. एका शब्दाची तीन-चार वाक्यं, शेजारी अख्खं मराठी वाक्य. रोज दहाऐवजी दोनच शब्द होतील, होऊ देत. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे. परीक्षेत ‘अर्थ लिहा’चे गुण ‘वाक्यात उपयोग करा’कडे वळवले, तर क्लासवालेही आपल्या वह्या मुकाट्याने बदलतील.