अलक्ष्मी, बूलिमॉस आणि केरसुणी : साम्य म्हणजे उसनवारी नव्हे

१/ घर झाडून दारिद्र्य हाकलण्याच्या चालीविषयी दिवाळीत दोन दावे ऐकू येतात. एक : ही चाल सिकंदराबरोबर ग्रीसमधून आली. दुसरा : ती ग्रीकांनी आपल्याकडून नेली. दोन्ही दावे निराधार आहेत. आणि त्यांच्या आडून विकला जाणारा तिसरा दावा तर घातकच आहे.

२/ आधी इथली चाल पाहू. आश्विन अमावास्येला नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून मांडतात, तिला हळदकुंकू वाहतात. त्यासाठी दादरच्या बाजारात लाह्या-बत्ताशांशेजारी केरसुण्या विकायला येतात. मध्यरात्रीनंतर स्त्रियांनी सूप वाजवीत अलक्ष्मीला अंगणाबाहेर घालवावे, असे धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ सांगतात. गिरगाव-परळच्या चाळीतल्या खोलीला अंगण नसते. तेथे अलक्ष्मीला गॅलरी ओलांडून जिन्यानेच उतरावे लागते.

३/ आता ग्रीस. प्लुटार्क हा लेखक आपल्या खैरोनिया गावचा विधी नोंदवतो. बूलिमॉस म्हणजे भयंकर भूक. तिला घालवण्यासाठी एका गुलामाला निर्गुडीच्या कुळातल्या झुडपाच्या काठ्यांनी मारीत दाराबाहेर काढीत. भूक बाहेर जावो, संपत्ती आणि आरोग्य आत येवो, असे म्हणत. नगराधिकारी हा विधी सार्वजनिक चुलीपाशी करी, इतर लोक आपापल्या घरी. त्या पदावर असताना प्लुटार्कने स्वतः तो केला होता.

४/ अथेन्समध्ये चांद्रमास संपताना हेकाटे देवीसाठी तिठ्यावर अन्न ठेवीत. कोठारात झ्यूस क्टेसिऑसचा, म्हणजे घरातला साठा राखणाऱ्या झ्यूसचा, लोकर गुंडाळलेला घट असे. त्यात पाणी, तेल आणि नाना फळे घालीत. घरी कलश मांडणाऱ्याला हा घट ओळखीचा वाटेल.

५/ परंतु ओळखीचे वाटले म्हणून नाते सिद्ध होत नाही. उसनवारी दाखवायची तर शब्द, वस्तू किंवा वाट दाखवावी लागते. भारतीय ज्योतिषातले ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीकमधून आले. तेथे खूण उरली आहे. केरसुणीवर तशी खूण नाही. सिकंदर पंजाबात आला इ.स.पू. ३२६ मध्ये, हेकाटेच्या नैवेद्याचा उल्लेख अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘प्लूटॉस’ नाटकात इ.स.पू. ३८८ मध्येच आहे. इकडे श्रीसूक्तात भूक-तहानेने मलिन झालेल्या ज्येष्ठा अलक्ष्मीचा नाश मागितला आहे.

६/ मग साम्य कशाचे? भीतीचे. दोन्ही समाज साठवलेल्या धान्यावर जगत. एक हंगाम बुडाला की कणगीचा तळ दिसे. म्हणून दोघांनीही भुकेला रूप दिले आणि तिला दार दाखवले.

७/ आता तिसरा दावा : विधिपूर्वक घर शुद्ध करा, वैभव आपोआप येईल. याचा उलटा अर्थ असा की, ज्याच्या घरी वैभव नाही त्याने घर नीट झाडले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या दिवाळीत लालबाग-परळच्या खोल्या कोणी झाडल्या नसतील काय? तरीही हजारोंचा रोजगार कायमचा गेला. त्या घरांत दारिद्र्य केरातून आले नव्हते. ते बंद गिरणीच्या फाटकातून आले होते.

८/ ग्रीकांनाही हे ठाऊक होते. ‘प्लूटॉस’मध्ये संपत्तीचा देव आंधळा आहे, म्हणून तो भलत्यांच्याच घरी जातो. त्याच नाटकात श्रीमंतांनी हेकाटेला पाठवलेले अन्न गरीब लोक ठेवण्यापूर्वीच पळवतात. खैरोनियात तर भूक हाकलताना मार बसे तो गुलामाला. दारिद्र्याचा दोष दुबळ्याच्या अंगावर टाकण्याची ही खोड जुनी आहे. समृद्धीचे मंत्र विकणारे तीच नव्या वेष्टनात विकतात.

९/ चाल जपावी, केरसुणीही पुजावी. मात्र तिच्याबरोबर मराठी घर काय मागत आले, हे विसरू नये : इडापीडा टळावी आणि बळीचे राज्य यावे. ही मागणी एका घराच्या तिजोरीपुरती नाही. ती सगळ्यांचे पोट भरणाऱ्या राज्याची आहे.