भूतदया आणि जमाखर्च

वैद्यकी आणि पैसा यांचा विषय निघाला की आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, दुःखिताकडून द्रव्य घेणे हेच मुळी अनुचित. दुसरा म्हणतो, व्यवसाय मांडला की दर बाजारच ठरविणार. मनाच्या दुखण्यासंबंधी तर हा वाद अधिकच तीव्र होतो. समुपदेशक औषधाची बाटली हाती देत नाही. तो तासभर ऐकतो आणि बोलतो. मग ‘नुसत्या बोलण्याचे कसले पैसे?’ असा प्रश्न सहज विचारला जातो.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या प्रश्नाकडे असे एकांगी दृष्टीने पाहिलेले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात भूतदयेने प्रेरित झालेल्या वैद्याला सर्वांत वरचे स्थान आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात मनुष्याच्या तीन एषणा सांगताना प्राणैषणेच्या खालोखाल धनैषणाही मानली आहे. यात विसंगती नाही. धन हे साधन आणि दया हे प्रयोजन. अनर्थ घडतो तो या दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे.

महाराष्ट्रात या दृष्टीने मुक्तांगणाचे उदाहरण मननीय आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यास हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम मात्र चालूच राहिले. देणगीने बीज पेरले खरे, पण व्यसनातून सावरलेली माणसेच तेथे कार्यकर्ते झाली, हे त्या दीर्घायुष्याचे एक मोठे रहस्य होय.

फुजैऱ्यात मात्र हा मार्ग जसाच्या तसा उचलता येणार नाही. २०२१ च्या संघराज्य कायद्यान्वये परवानगी असलेल्या संस्थांखेरीज कोणालाही देणग्या गोळा करता येत नाहीत. तेव्हा जागेचे भाडे, परवाना आणि पगार हे सारे खाजगी दवाखान्याला मुख्यतः शुल्कातूनच भागवावे लागते. ते न भागून दवाखाना बंद पडला, तर हजर पर्वत ओलांडून शंभरावर किलोमीटरवरील दुबई गाठणे रुग्णाच्या नशिबी येते. तोट्यात चालणारी दया रुग्णाला अर्ध्या वाटेवर सोडते, हे आपण विसरू नये.

उलटपक्षी, येथील चाकरमान्याची नोकरी गेली की कंपनीचा विमाही जातो आणि रहिवासाचा प्रश्न उभा राहतो. आधाराची गरज सर्वाधिक असते त्याच क्षणी खिसा रिकामा होतो. अशा वेळी दार लावून घेणारा उपचारक नीतीच्या कसोटीस कसा उतरेल?

माझ्या मते यावर उपाय आहे, तो हिशेबातच. समजा, उपचारकाचे आठवड्यास २० तास भरतात आणि तासाचे ३०० दिरहम येतात. त्यांतील ४ तास निम्म्या दराने दिले, तर ६००० ऐवजी ५४०० मिळतील. म्हणजे घट एक दशांशाची. ती भाड्याप्रमाणेच आरंभी अंदाजपत्रकात धरावी. लहरीवर सोडू नये. शुल्क पहिल्या भेटीपूर्वीच सांगावे. ठराविक भेटींनंतर उपचार पुढे हवेत की नकोत, याचा रुग्णासह विचार करावा. कारण बरा झालेला रुग्ण म्हणजे रिकामा झालेला तास, आणि मोह नेमका तेथेच असतो. एखाद्याला थांबणे भागच पडले, तर त्याला दुसऱ्या योग्य हाती सोपवूनच निरोप द्यावा.

आपलेही काही कर्तव्य आहे. ज्याला पूर्ण शुल्क परवडते, त्याने घासाघीस करू नये. आणि उपचारक आपल्या गावचा आहे म्हणून समारंभात गाठून फुकट सल्ला मागू नये. आपण प्रामाणिकपणे दिलेल्या शुल्कातूनच, नोकरी गमावलेल्या एखाद्या बांधवासाठी तो निम्म्या दराचा तास राखून ठेवता येतो.