विश्लेषण : रोटरी इंजिनाचा आवाज आधी दाबावा, मगच घडवावा!

जपानी गाड्यांचे व्हिडीओ मोबाइलवर पाहणाऱ्यांना हा आवाज लगेच ओळखू येतो. गाडी उभी असताना अडखळत पडणारा ‘ब्रॅप-ब्रॅप’ ठोका आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच वर चढत जाणारी, कान चिरणारी किंचाळी. माझदाची ‘आरएक्स-७’ भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, तरी २००६च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ चित्रपटामुळे ती इथल्याही अनेकांना ठाऊक आहे. जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलियात या गाडीचे हौशी मालक कंपनीने दिलेली एक्झॉस्ट काढून खास बनवून घेतलेली बसवतात. मग बहुतेकांची तक्रार एकच असते : आवाज मोठा झाला, पण चांगला झाला नाही. याचे कारण या इंजिनाच्या रचनेत आहे. नळी आणखी मोकळी करणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

रोटरी इंजिन वेगळे का वाजते?

जर्मन अभियंता फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलेले हे इंजिन १९५७ मध्ये ‘एनएसयू’ कंपनीत पहिल्यांदा चालले. माझदाने त्याचा परवाना घेतला आणि १९६७ मध्ये ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन रोटरची गाडी बाजारात आणली. या इंजिनात वर-खाली करणारे पिस्टन नाहीत आणि व्हॉल्व्हही नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका पोकळीत फिरतो आणि त्याची टोके भिंतीतील छिद्रांवरून सरकत जातात.

आवाजाचे मूळ इथेच आहे. पिस्टनच्या इंजिनात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. जुन्या आरएक्स-७ मध्ये मात्र रोटरचे टोक छिद्रावरून पुढे सरकले की दार एकदम सताड उघडते आणि आतला तप्त, दाबाखालचा वायू धडकन बाहेर पडतो. दाबाचा हा धक्का जितका तीक्ष्ण, तितके त्यातले वरचे स्वर जास्त. कानाला जी खरखर जाणवते ती हीच. माझदाने २००३च्या ‘आरएक्स-८’मध्ये ही छिद्रे बाजूच्या भिंतींत नेली. त्या गाडीचा आवाज मवाळ आहे, याचे मोठे कारण हे.

ठोक्यांचे गणितही सोपे आहे. मुख्य दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटर एक धक्का देतो. म्हणजे दोन रोटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० धक्के देते आणि ९००० फेऱ्यांवर ३००. १९९१ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ‘७८७बी’ला चार रोटर होते, त्यामुळे ९००० फेऱ्यांवर ६००. दुप्पट कंपने म्हणजे बरोबर एक सप्तक वर. तो आवाज डोक्यात ठेवून घरच्या दोन रोटरच्या गाडीला उघडी नळी लावणाऱ्याला हे सप्तक मिळणार नाही, फक्त गोंगाट मिळेल.

आणि तो प्रसिद्ध ‘ब्रॅप’? छिद्रे कोरून मोठी केली की हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वेळ एकमेकींवर चढते. कमी फेऱ्यांत जळलेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि काही ठिणग्या वाया जातात. लोक ज्यावर जीव टाकतात तो ठोका म्हणजे इंजिनाचे अडखळणे आहे. शर्यतीच्या गाडीत ते चालते. रोज कामावर नेण्याच्या गाडीत ते मुद्दाम करून घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

मग आवाज सुधारायचा कसा?

सुरुवात उष्णतेपासून करावी लागते. रोटरीची ज्वलनाची जागा लांबट आणि पसरट असते, त्यामुळे थोडे इंधन जळायचे राहून जाते आणि ते नळीतही जळत राहते. पिस्टनच्या गाड्यांसाठी बनवलेला काचतंतू भरलेला सायलेन्सर इथे फार काळ टिकत नाही. आतले भरण जळते, उडून जाते आणि उरतो तो पोकळ डबा. ‘नवीन होती तेव्हा छान वाजायची’ असे मालक म्हणतात, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. भरण उष्णता सोसणारे हवे, स्टेनलेस स्टीलच्या लोकरीचे असेल तर उत्तम, आणि डबा उघडून ते बदलता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच डब्यावर भिस्त ठेवू नये. भरणाचा सायलेन्सर वरचे, खरखरीत स्वर चांगले शोषतो, पण खालच्या घुमणाऱ्या स्वरांपुढे तो हतबल असतो. म्हणून गाडीच्या मध्यभागी एक लांब रेझोनेटर आणि मागे शक्य तितका मोठा सायलेन्सर असे दोन टप्पे हवेत. डब्याचा आकार हा इथला खरा दागिना आहे. मागून दिसणारी चकचकीत तोंडाची नळी नव्हे! पत्राही जाड असावा. पातळ पत्र्याची नळी स्वतःच डब्यासारखी वाजते.

तिसरी डोकेदुखी म्हणजे महामार्गावर ठरावीक वेगाला केबिनमध्ये भरून राहणारी घुमघुम. त्यावर मुख्य नळीला एक बाजूची, शेवटी बंद असलेली नळी जोडतात. तिची लांबी त्रासदायक स्वराच्या तरंगलांबीच्या पाव असली, तर बंद टोकावरून परतलेली लाट मूळ लाटेला मारते. घुमघुम ३००० फेऱ्यांना असेल तर स्वर १०० हर्ट्झ. साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ५०० मीटर जातो, म्हणजे नळी सव्वा मीटरची. साध्या हवेतला वेग धरला तर हेच उत्तर ८६ सेंटिमीटर येते. बंद नळीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड असल्याने खरी लांबी या दोहोंच्या मध्ये सापडते. नळी थोडी लांब ठेवून, गाडी चालवून पाहत ती कापत आणणे हाच मार्ग. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचा व्हिडीओही चांगला होत नाही. पण पैसे खर्च करायचेच, तर ते इथे करावेत.

मोकळी नळी इंजिनाच्या मुळावर?

येऊ शकते. १९९१ ते २००२ या काळात तयार झालेल्या टर्बोच्या आरएक्स-७ मध्ये कंपनीची एक्झॉस्ट काहीशी कोंडलेली होती आणि टर्बोचा दाब त्या हिशेबाने बांधला होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट सगळे काढून रुंद नळी लावली, की टर्बोचा दाब ठरवलेल्या मर्यादेपुढे सरकतो. इंधनाचे गणित बदललेले नसेल तर मिश्रण अवेळी पेटते आणि रोटरच्या टोकावरची पट्टी, म्हणजे अ‍ॅपेक्स सील, तुटते. मग इंजिन पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर नसते. आवाजासाठी केलेला बदल असा इंजिनाचा बळी घेतो. कन्व्हर्टर काढणे बेकायदा आहे, डोळे चुरचुरवणारा वास येतो, हे वेगळेच.

कायदा काय पाहतो?

जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरच्या नियमांनुसार पुढे इंजिन असलेल्या मोटारीला ९६ डेसिबलची मर्यादा आहे. त्याआधीच्या गाड्यांना १०३. मोजणी नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनातून होते. तपासणीच्या दिवशी नळीत बूच घालायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे, ही जुनी पळवाट. तिला माझा विरोध नैतिक कमी आणि यांत्रिक जास्त आहे : बूच वायू कोंडते, उष्णता वाढवते आणि आवाजाचा पोत तसाच खरखरीत ठेवते.

परिणाम समोर आहेत. योकोहामाच्या दायकोकू वाहनतळावर हौशी मंडळी जमतात आणि गोंगाट वाढला की पोलीस तो बंद करतात. शांत गाडी घेऊन आलेल्यालाही मग बाहेर पडावे लागते. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोड रोलर फिरवण्याचे दृश्य महाराष्ट्राने पाहिले आहेच. तिथेही नियमातला सायलेन्सर लावणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात.

आरएक्स-७चे उत्पादन २००२ मध्ये थांबले, आरएक्स-८चे २०१२ मध्ये. २०२३च्या ‘एमएक्स-३० आर-ईव्ही’मध्ये माझदाने रोटरी परत आणली, पण एकाच रोटरची आणि फक्त वीज तयार करण्यासाठी, चाकांशी तिचा संबंध नाही. त्याच वर्षी दाखवलेल्या ‘आयकॉनिक एसपी’ या संकल्पना-गाडीतही दोन रोटरचे इंजिन याच कामाला आहे. पायाखालच्या अ‍ॅक्सिलरेटरबरोबर सूर चढवत नेणारी रोटरी आता जुन्या गाड्यांतच उरली आहे, आणि त्यांची संख्या वाढणार नाही.