हंगामाचे भांडवल आणि एप्रिलचे निकाल

चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापाऱ्यास हंगाम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मोहफुलांचा बहर ओसरला की तेंदूपानांची तोडणी सुरू होते आणि मजुरीचा पैसा हाती येताच आठवडी बाजार गजबजतात. जाणता दुकानदार मे महिन्याच्या विक्रीची तुलना आषाढाशी करीत नाही, गतवर्षीच्या मे महिन्याशी करतो.

माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनाही असाच हंगाम असतो. त्यांचे मोठे ग्राहक अमेरिका व युरोपात आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत तेथे नाताळच्या सुट्या असल्याने कामाचे दिवस कमी भरतात आणि वाढ मंदावते. तेवढ्यावरून धंदा खालावला असे समजू नये. मात्र बाजार नुसता नफा पाहत नाही, तो अपेक्षेशी ताडून पाहतो. आणि ही अपेक्षा भावात आधीच धरलेली असते.

१९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसची दोन उदाहरणे बोलकी आहेत. एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने पुढील वर्षासाठी ६ ते १० टक्के वाढीचा अंदाज दिला. बाजाराची अपेक्षा त्याहून अधिक होती. १२ एप्रिल रोजी एकाच दिवसात समभाग सुमारे २१ टक्के कोसळला. प्रत्यक्षात त्या वर्षी कंपनीचे डॉलरमधील उत्पन्न ११.५ टक्के वाढले आणि डिसेंबरअखेर भाव घसरणीपूर्वीच्या पातळीवर गेला.

एप्रिल २०२३ मध्ये तिमाही नफा गतवर्षीपेक्षा जवळपास ८ टक्के अधिक होता. तरीही ४ ते ७ टक्के वाढीचा अंदाज ऐकून १७ एप्रिल रोजी समभाग ९ टक्क्यांहून अधिक घसरला. या वेळी भीती खरी ठरली. वर्षाची वाढ जेमतेम १.४ टक्के झाली.

एकदा घबराट अनाठायी ठरली, एकदा रास्त. निकालाच्या दिवशी हा भेद भल्याभल्यांना कळत नाही. तो कळण्यास काही तिमाह्या थांबावे लागते, आणि थांबण्याची मुभा ज्याच्या पैशाला असते त्यालाच ते साधते.

आपल्या व्यापारी कुटुंबांसाठी खरी मेख येथेच आहे. हे निकाल एप्रिलच्या मध्यास येतात आणि नेमका तेव्हाच दुकानात माल भरावयाचा असतो. ऑक्टोबरच्या निकालांपाठोपाठ दिवाळी व धानाची खरेदी येते. हंगामाचे भांडवल चार महिने रिकामे पडते म्हणून समभागांत गुंतवले, तर २०१३ सारख्या घसरणीनंतर ते तोट्यात मोडावे लागते. डिसेंबरपर्यंत वाट पाहणे हाती राहत नाही.

यास्तव वहीत दोन खाती निराळी असावीत. हंगामाचा पैसा बँकेच्या अल्पमुदतीच्या ठेवीत ठेवावा. ज्या पैशाची पाच-सात वर्षे गरज पडणार नाही, तोच समभागांत घालावा. निकाल वाचताना त्याच तिमाहीचे गतवर्षीचे आकडे शेजारी मांडावेत. पहिले खाते सुरक्षित असले, तरच दुसऱ्या खात्याचा निर्णय शांतपणे घेता येतो.